पुलावरचा हातोडेवाला

ताईला त्याने पुन्हा मारलं तेव्हा मी सोफ्यावर चहा पीत बसलो होतो आणि भाऊजी जेवणाच्या टेबलावर पत्त्यांचा पेशन्स मांडून बसले होते. मारणारा म्हणजे एक दणकट दाढीवाला इसम. बर्फाळ दरीवरच्या दगडी पुलाच्या तोंडाशी तो लोखंडी हातोडा घेऊन उभा असतो आणि कुणालाही पलीकडे जाऊ देत नाही. टीव्हीच्या पडद्यावर ताईचा स्वार घोड्यावरून उतरतो, ढाल उचलायला जातो, हातोडा वर जातो, ताईचा अंगठा बटणावर पोचायला क्षणभर उशीर होतो आणि पडदा तांबडा होतो. मग स्वार अलीकडच्या धर्मशाळेत पुन्हा जिवंत होतो. हिंदू धर्मात पुनर्जन्माला इतकी घाई नसते.

"गेलीस?" भाऊजींनी मान न उचलता विचारलं.

"गेले," ताई म्हणाली. "तुमचा डाव लागतोय का ते बघा."

हे दर शनिवारचं होतं. ताई मुलुंड पूर्वेला राहते, मी मरोळला. मधला रस्ता कायम कुणीतरी कशासाठी तरी खणत असतं, त्यामुळे मी पोचतो तेव्हा माणसांविषयीचं माझं मत निघतानापेक्षा थोडं खाली उतरलेलं असतं. तिच्या घरात शिरलं की तेच मत हळूहळू पूर्वपदावर येतं. चहा चांगला असतो आणि कुणी 'अजून काय विशेष' असं विचारत नाही.

ताई साठी ओलांडलेली आहे. सरकारी कार्यालयात ती मराठी टंकलेखक होती. 'होती' हा शब्द तिच्याबाबतीत फार लवकर वापरावा लागला. साहेब मजकूर सांगत असताना त्यांचं वाक्य संपायच्या आत तिचं टाइप होऊन संपलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा जास्त चांगलं संपलेलं असायचं. टाइपरायटर गेले, कंप्युटर आले, अक्षरांची मांडणी बदलली. बरोबरीच्या बायका रजा टाकून रडल्या. ताई नवी मांडणी शिकली आणि पुन्हा सगळ्यांच्या पुढे गेली. निवृत्तीनंतर सोसायटीच्या नोटिसा, ओळखीतल्या मुलींचे लग्नाचे बायोडेटा, कुणाच्या काकांचं न छापलं जाणारं आत्मचरित्र, असं काहीबाही ती टाइप करत राहिली. मग उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं. हा शब्द आपल्या टेबलावरून अनेकदा गेलाय, दीर्घ-ऱ्हस्वाचा काही त्रास नाही, सोपा आहे, एवढंच ती त्यावर बोलली.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की बोटं चालती ठेवा; वापर थांबला की हात थांबलाच. त्यांनी मळायला रबरी चिकणमाती दिली. ताईने ती आठवडाभर मळली आणि मग परत केली. एवढं मळल्यावर पोळ्या तरी व्हायला हव्यात, असं तिचं म्हणणं. तिचा मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याचा कंप्युटर टीव्हीला जोडलेलाच राहिला होता. त्यात हा घोडेस्वाराचा खेळ होता. ताईने तो आधी घोडा बघायला म्हणून सुरू केला आणि मग सोडला नाही. एकटीने खेळायचा खेळ. समोर दुसरा माणूस नाही, घाई करणारं कुणी नाही. मोठा प्रदेश, डोंगर, गावं, आणि नकाशाच्या पूर्वेला दरीपलीकडे निळी पट्टी. तो समुद्र. तिथे जायचं तर पूल ओलांडायचा, आणि पुलावर हातोडेवाला.

"समुद्र बघायचा तर जुहूला जाऊ," मी एकदा म्हणालो होतो.

"जुहूला समुद्राआधी माणसं दिसतात."

दिवाळीनंतर तिने सोसायटीच्या नोटिसा टाइप करणं बंद केलं. सेक्रेटरीचं मराठी सहन होत नाही, असं कारण तिने दिलं. ते मराठी मीही वाचलेलं होतं, त्यामुळे मला शंका आली नाही. पण त्यानंतर उजव्या हाताला काम म्हणून फक्त हा खेळ उरला. खेळ सुटला तर हात सुटेल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आणि ती रोज हरत होती.

माझं या बाबतीतलं चारित्र्य आधी सांगतो. मी पहिल्यापासून चीट वापरणारा माणूस. ऑफिसात पहिल्यांदा रंगीत पडद्याचा कंप्युटर आला तेव्हापासून मी जेवणाच्या सुटीत खेळत आलो, आणि एकाही खेळात मी निर्मात्यांनी आखलेल्या मार्गाने घाम गाळत गेलेलो नाही. कुठेतरी एक कळ दाबली की पडद्यावर काळी पट्टी उघडते, तिच्यात इंग्रजीत आज्ञा टाइप करायची, की गोळ्या संपत नाहीत, भिंती आडव्या येत नाहीत, मरण येत नाही. त्या न मरण्याला खेळाडू गॉड मोड म्हणतात. आज्ञाही बहुधा तीच असते, देवाचं इंग्रजी नाव. त्याची किंमतही मला माहीत आहे. शहर वसवायच्या एका खेळात मी स्वतःला अमर्याद पैसा देऊन घेतला. शहर एका संध्याकाळी वसलं आणि जेवणाच्या आत मला त्याचा कंटाळा आला. आपल्या बिल्डरांना कंटाळा कसा येत नाही, याचं मला तेव्हापासून कुतूहल आहे.

मॉडचं प्रकरण वेगळं. मॉड म्हणजे खेळाडूंनीच मूळ खेळात केलेले फेरफार: कुणी संगीत बंद करतं, कुणी घोड्याच्या जागी स्कूटर आणतं, कुणी रात्र कमी काळी करतं. या विषयावर इंटरनेटवर जे वाद चालतात ते मी वाचले आहेत, कारण निवृत्त माणसाला वाचायला वेळ असतो आणि लाज कमी असते. एका बाजूचे लोक सांगतात की खेळ ही कलाकृती आहे, तिला हात लावणं म्हणजे निर्मात्याच्या हेतूशी द्रोह. यातला 'हेतू' हा शब्द ते अशा सुरात लिहितात की वाचताना चपला काढून ठेवाव्यात. मी आयुष्यभर एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधन केलं. निर्मात्याचा हेतू मी फार जवळून पाहिलेला आहे. पुस्तक छपाईला निघालं असताना तो फोन करून विचारायचा, नायक मेला नाही तर चालेल का.

आणि मूळ आराखड्याचं पावित्र्य मुलुंडमध्ये कुणाला सांगता? ताईच्या इमारतीत एक बाल्कनी शिल्लक नाही. सगळ्या आत घेतल्या आहेत, वर पोटमाळे काढले आहेत, खिडक्यांना पिंजरे लावून त्यात कुंड्या, सायकली आणि एके ठिकाणी आजोबा ठेवले आहेत. आर्किटेक्टचा हेतू शोधायचा तर महापालिकेच्या फायलीतच जावं लागेल. धर्माचंही तेच. उपास म्हणजे न खाणं, ही मूळ रचना. तिच्यात साबुदाणा कुणी घातला, बटाटा कुणी, शेंगदाणे कुणी, हे आता सांगता येणार नाही. पण आमच्या घरात एकादशीला पोट बिघडायचं ते जास्त खाऊन. पूजेत तर उघड आज्ञाच आहे. वस्त्र नाही? वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि. दागिना नाही? अलंकारार्थे अक्षतान्. चिमूटभर तांदळात देवाला अख्खं दुकान मिळतं आणि देव हरकत घेत नाही. अशा संस्कृतीत वाढलेल्या माणसाने चीटला नाकं मुरडू नयेत.

हे सगळं मी ताईला सांगून पाहिलं होतं. दिवाळीतल्या एका शनिवारी मी उठून तिचा कीबोर्ड पुढे ओढला, ती कळ दाबली आणि पडद्यावर काळी पट्टी उघडून दाखवली.

"इथे तीन अक्षरं टाइप करायची. जी, ओ, डी. आणि एंटर. मग त्या बापड्याला कितीही हातोडे मारू दे."

"बंद कर."

"एकदा बघ तरी."

"बंद कर म्हटलं ना."

मी पट्टी बंद केली. ती म्हणाली, "तू जन्माचं कच्चं लिंबू. तुला नाही कळायचं."

ज्यांचं लहानपण चाळीत किंवा कॉलनीत गेलं त्यांना कच्चं लिंबू सांगायला नको. मोठ्या मुलांच्या खेळात कुणाचा तरी धाकटा भाऊ घ्यावा लागतो, कारण नाही घेतला तर तो आईकडे जातो. मग त्याला कच्चं लिंबू करायचं. तो पळतो, ओरडतो, चेंडू लागला तरी बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. सगळ्यांना माहीत असतं, फक्त त्याला नसतं. घाटकोपरच्या आमच्या कॉलनीत मी बरीच वर्षं कच्चं लिंबू होतो. पुढे मला ते कळलं, आणि कळूनही मी तक्रार केली नाही. बाद न होता दिवेलागणीपर्यंत खेळायला मिळतं, यात तक्रार कसली? ताई मात्र थोरली. तिच्यावर पहिल्यापासून राज्य. ती कधी कच्चं लिंबू झाली नाही आणि होणारही नव्हती.

"स्वतःशीच तर खेळतेस," मी म्हणालो. "फसवतेस कुणाला?"

तिने हनुवटीने टेबलाकडे खूण केली. "त्यांना विचार."

भाऊजी तेव्हा इस्पिकच्या राणीखालचं पान हळूच उचलून बघत होते. पेशन्समध्ये अडलं की ते असं करतात. सगळ्यांना दिसतं.

"मी फसवत नाही," भाऊजी म्हणाले. "मी चौकशी करतो."

विमा कंपनीत त्यांची सगळी नोकरी क्लेम खात्यात गेली होती.

पुढचे काही शनिवार असेच गेले. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग कमी केली, मग वेळ बदलली. ताईचा अंगठा काही त्या क्षणाआधी बटणावर पोचेना. आधी ती हरली की हातोडेवाल्याच्या खानदानाबद्दल काहीतरी बोलायची. मग बोलणं थांबलं. मग मी पाहिलं की पुलापर्यंत जाण्याऐवजी ती घोडा नुसता धर्मशाळेभोवती फिरवते आणि थोड्या वेळाने कंट्रोलर मांडीवर ठेवून देते. हात मांडीवर हलत राहायचा. ती त्याच्यावर दुसरा हात ठेवायची, चुळबुळणाऱ्या मुलाला गप्प करावं तसा.

अशाच एका संध्याकाळी मी निघालो तेव्हा भाऊजी चप्पल घालून माझ्याबरोबर खाली आले. त्यांना खाली यायची सवय नाही. गेटपाशी येईपर्यंत ते पार्किंगवरून चाललेल्या भांडणाबद्दल बोलत होते. गेटबाहेर आल्यावर थांबले.

"ते तुझं चीट का काय. तिच्या नकळत लावता येतं?"

"येतं."

"मग लाव ना."

"तिला कळेल, भाऊजी."

"कसं कळेल? पत्त्यांत मला कळतं का?"

"तुम्हाला कळतं. तुम्ही मनावर घेत नाही."

ते हसले नाहीत. रिक्षावाले थांबून पुढे जात होते. "तू शनिवारी बघतोस," ते म्हणाले. "मी रोज बघतो. रोज हरते ती. परवा म्हणाली, बंद करून टाकू या हे, वीज जळते. वीज रे. तिने आयुष्यात विजेचा विचार केलाय का? मंगळवारी मी तिला व्यायामाला नेतो. किल्ली शेजारी ठेवीन. एकदा जिंकू दे तिला. काहीतरी कर."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरी जाऊन शोधलं तेव्हा एक मॉड सापडला. कुणीतरी संथ हातांच्या खेळाडूंसाठी बनवलेला: हातोडा वर गेला की खाली यायला थोडा जास्त वेळ घेतो. बाकी काही बदलत नाही. हरणंही तसंच राहतं. त्याखाली तिथल्या एका शुद्धतावाद्याने लिहिलं होतं की ज्याला हा खेळ झेपत नाही त्याने दुसरा खेळावा. या माणसाला म्हातारपण येईल तेव्हा तो दुसरं काय खेळेल, असा विचार करत मी तो मॉड पेनड्राइव्हवर घेतला. काळजी मला दोन्हीकडून होती. हरत राहिली तर सोडेल. पण फुकट जिंकली आणि तिला ते कळलं, तरी सोडेल. हे सगळं मी एखाद्या सभ्य माणसाने करावं तसं स्वतःला पटवून मंगळवारी मुलुंडला गेलो.

घर रिकामं असलं की दुसऱ्याचं वाटतं. टीव्हीवर खेळ थांबवून ठेवलेला होता; ताई तो पूर्ण बंद करत नाही, पुन्हा सुरू करायला फार कळा दाबाव्या लागतात म्हणून. कीबोर्डवर तिने विणलेला रुमाल घातला होता. मी रुमाल काढला. खेळाची आवृत्ती कोणती ते बघायचं होतं, म्हणून काळी पट्टी उघडली.

पट्टीत आधी टाइप केलेल्या आज्ञा दिसतात. मी तर काही टाइप केलं नव्हतं. तरी तिथे ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तीन रिकामे चौकोन, आणि प्रत्येकीखाली इंग्रजीत, अशी कोणतीही आज्ञा नाही. चौकोन, नकार. चौकोन, नकार. मी वर सरकवत गेलो तशा ओळी येत राहिल्या.

मी बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. मग उमगलं. ताईचा कीबोर्ड मराठीत असतो. कायमच. तिला इंग्रजीत टाइप करायचं कारणच पडत नाही. मराठी मांडणीत जी दाबला की उकार येतो, ओ दाबला की द, आणि डी दाबला की हलन्त. एक उकार, एक द आणि पाय मोडणारं चिन्ह, एवढाच देव तयार होतो. खेळाकडे देवनागरी अक्षरंच नव्हती, म्हणून त्याने त्यांच्या जागी चौकोन दाखवले.

म्हणजे तिने केलं होतं. मला बंद कर म्हणाली आणि नंतर, आम्ही कुणी नसताना, स्वतः करून पाहिलं. एकदा नाही.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. दोघंही वेळेआधी आली होती. व्यायामाच्या बाई रजेवर होत्या. ताईने आधी मला पाहिलं, मग पडदा.

"काय करतोयस?"

"तो जरा अपडेट करत होता," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. खोटं बोलता आलं असतं तर क्लेम खात्यात राहिला नसतात."

ती खुर्चीवर बसली. पर्स मांडीवरच होती. ओळी पडद्यावर तशाच होत्या. मी पट्टी बंद करायला हवी होती, पण आता बंद करणं जास्त वाईट दिसलं असतं.

"बघितलंस ना," ती म्हणाली. "झालं मग."

"ताई, यात वाईट वाटायचं काही नाही. सगळेच करतात."

"केल्याचं वाईट वाटत नाही रे मला." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "केलंच होतं मी. बघितलं एकदा करून, गंमत म्हणून. नाही चाललं. मग पुन्हा केलं. तीन अक्षरं, आणि नाही चाललं. मराठीत टाइप करताना चुका व्हायच्याच, पण त्या दिसायच्या, सुधारायचे. इथे तर काय चुकतंय तेसुद्धा दिसेना."

"चौकोन दिसत होते."

"ते मला वाटलं, पासवर्डसारखं लपवून दाखवतात. बँकेत दाखवतात तसं. मी अक्षर न् अक्षर बघून दाबत होते. एका बोटाने. आणि ते म्हणतंय, अशी आज्ञा नाही." तिने पर्सचा पट्टा सोडला. "तीन अक्षरं येत नाहीत म्हटल्यावर कळलं की गेलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला सांगून टाकलं, मला तुमच्या नोटिसा पाठवू नका."

भाऊजी उभेच होते. हातात किल्ली.

"म्हणजे ते सेक्रेटरीच्या मराठीमुळे नव्हे?" मी विचारलं.

"त्याचं मराठी वाईटच आहे. ते खोटं नाही."

"ताई, कीबोर्ड मराठीत होता."

तिने माझ्याकडे बघितलं.

"तू दाबत होतीस ते बरोबरच होतं. प्रत्येक वेळी. तो उकार, द आणि हलन्त करत होता. खेळाला ते वाचता येत नाही. तीन अक्षरं होती, तीनच चौकोन आहेत. एकाही ओळीत चौथा नाही. बघ."

ती बघत राहिली. ओठ हलले, ती खरंच मोजत होती, वरपासून खालपर्यंत. मग हलकेच म्हणाली, "गाढव." मला, कीबोर्डला की स्वतःला, ते कळलं नाही. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती त्याच्यावर चिडली. "अरे, नोकरीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर चिडवलं असतं. भाषा न बघता टाइप करायला बसली, मूर्ख बाई."

"आणि हे काय आहे?" तिने माझ्या हातातल्या पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं. ती काही बघायची सोडत नाही.

"त्याचा हातोडा सावकाश करणारं."

"किती सावकाश?"

"तुझ्याएवढा."

तिने थोडा विचार केला. भाऊजींकडे बघितलं, तेव्हा ते पंख्याचा वेग बघत होते. "विचारून आणायचं होतंत," ती म्हणाली. "दोघांनीही. ठेव तिकडे टेबलावर."

मी ठेवला. मग दोन कळा एकदम दाबून कीबोर्ड इंग्रजीत नेला आणि तिच्या पुढे सरकवला.

"तू कर," ती म्हणाली.

"नाही."

तिने पर्स बाजूला ठेवली. उजवा हात कीबोर्डवर आणला. तो हलत होता. डाव्या हाताने तिने त्याचं मनगट धरलं आणि पहिलं अक्षर दाबलं. पट्टीत ते अक्षर उमटलं, चौकोन नव्हे. ती त्याच्याकडे एवढा वेळ बघत राहिली की मला वाटलं, पुढचं विसरली. मग दुसरं. बोट थरथरलं आणि ते दोनदा पडलं. ती पुटपुटली, एक खोडलं, तिसरं दाबलं, एंटर.

खेळाने इंग्रजीत कळवलं की आपण आता देव आहात.

"घरात आधीपासून होतीच," भाऊजी म्हणाले.

मग ती पुलावर गेली. हातोडेवाल्याने हातोडा घातला. काही झालं नाही. त्याने पुन्हा घातला. ताईने ढाल उचललीही नाही, तलवारही काढली नाही. त्याच्या शेजारून स्वाराला चालवत नेलं. तो मागे वळून मारत राहिला, तोच आवाज, तोच दम. पुलाच्या मध्यावर ती थांबली आणि त्याला मारू दिलं.

"बिचारा," ती म्हणाली. "कायम नोकरीतला दिसतोय. पगार मिळेपर्यंत मारणार."

पलीकडे उतार होता, बंदर होतं, होड्या होत्या. समुद्र जवळून फारसा बरा नव्हता. एकच लाट पुन्हा पुन्हा येत होती आणि वाळू काही भिजत नव्हती. स्वार पाण्यात गुडघाभर गेला आणि एका न दिसणाऱ्या भिंतीला जाऊन थटला.

"एवढंच?" भाऊजींनी विचारलं.

"एवढंच," ताई म्हणाली. तिला फार वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. "ते देवपण काढायचं कसं?"

"तोच शब्द पुन्हा टाइप करायचा."

तिने केला. या वेळी एकही अक्षर दोनदा पडलं नाही. माणूस झाली. मग पुन्हा टाइप केला, देव झाली. पुन्हा माणूस. स्वार पाण्यात उभा होता, त्याला काही फरक पडत नव्हता, आणि खरं तर तिलाही तो देव असल्या-नसल्याचा काही फरक पडत नव्हता. ती फक्त टाइप करत होती. एकदा चुकली, खोडलं, पुन्हा केलं. आम्ही दोघं बघत उभे होतो. खेळात चीट वापरावं की नाही, यावर मी इतकी वर्षं जी मतं बाळगली होती त्यातलं एकही मला तेव्हा आठवलं नाही.

"सेक्रेटरीला फोन लावा," काही वेळाने ती म्हणाली. "टाकी धुण्याची नोटीस कोण करतंय विचारा."

"त्याचं मराठी तुला सहन होत नाही ना?"

"नाही होत. पण परवा लिफ्टमध्ये लावलेली बघितलीत का? 'रहिवाश्यांनी पाण्याचा साठा करुन ठेवावे.' ते न सुधारता लावलेलं त्याहून सहन होत नाही."

भाऊजींनी फोन लावला. सेक्रेटरी बहुधा खूश झाला. मजकूर लगेच आला. ताईने दोन कळा एकदम दाबून कीबोर्ड मराठीत आणायचा प्रयत्न केला, एक बोट निसटलं, पुन्हा दाबल्या, आला. मग ती लिहायला लागली. पहिल्या ओळीला इतका वेळ लागला की तेवढ्यात पूर्वी तिने अख्खं परिपत्रक संपवलं असतं. हा आजार कुठे जाणार ते तिघांनाही माहीत आहे आणि त्यात कालपेक्षा काही बदल झालेला नव्हता. मला उठून तिला सांगावंसं वाटत होतं की तू बोल, मी टाइप करतो. मी बसून राहिलो.

"झालं?" भाऊजींनी पत्ते पिसत विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि मागे जाऊन एक वेलांटी दुरुस्त केली.